अक्षता गाळणारं सॉफ्टवेअर

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं मला कुणी कधी विचारलं नाही. लग्नाच्या व्हिडिओला कात्री लावायचं काम मी इतकी वर्षं करते आहे की ज्यांच्या लग्नाच्या कॅसेटी मी जोडल्या, त्यांच्या मुलींची लग्नं आता माझ्या हाताखालून जातात. तरी विचारलं नाही. दुकानात नवा पंखा बसवताना विचारलं होतं, मावशी, वारा लागतो का म्हणून. ज्याच्यावर दिवसभर हात चालवायचा ते मात्र मला न विचारता आलं. त्यातून जे झालं ते चारचौघांत सांगायला माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहून काढते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं याला पुरतं.

आमचं काम काय असतं ते आधी सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतं की कॅमेरावाला जे टिपतो तेच टीव्हीवर दिसतं. तसं नसतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे चालू असतात. त्यात निम्म्या माणसांच्या पाठी, मांडवाचे खांब, आणि कॅमेरावाला बटण बंद न करताच जेवायला गेला तेव्हाची जमीन. हे सगळं कंप्युटरवर एका लांब पट्टीवर मांडायचं, नको ते काढायचं, हवं ते एकाला एक जोडायचं, आवाज नीट करायचा. याला एडिटिंग म्हणतात. काढणं सोपं आहे, कुणालाही येतं. काय काढू नये हे कळायला वर्षं जातात.

रुसून कोपऱ्यात बसलेल्या मामाचा एक तरी तुकडा ठेवावा लागतो. पुढं समेट झाला की व्हिडिओत सगळ्यात आधी तोच स्वतःला शोधतो. अहेर देणारा माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा असला तरी त्याची पाठ ठेवायची, कारण त्याच्या घरचे त्याला पाठीवरून ओळखतात. आणि मंगलाष्टकं. ती मी आजवर कधी कापली नाहीत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या 'सावधान'पर्यंत, मग अक्षता, मग हार, सगळं सलग ठेवते.

हे मला स्टुडिओचे जुने मालक बसवराजअण्णा यांनी शिकवलं. सोलापुरात, सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. मी तिथं झाडलोटीला लागले होते. अण्णांना मानेचं दुखणं लागलं तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून कॅसेट पुढं-मागं करायला लावली, आणि मी तिथंच बसून राहिले. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात आई वंदनेला मुलीच्या जवळच उभी असते, सगळं डोळ्यांनी बघते. त्यामुळे हिंदू लग्नांतला एक रिवाज मला ठाऊक नव्हता. पुष्कळ घरांत नवरीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नसतात. ती त्या वेळी तुळशीपाशी बसते. बाहेर मांडवात पोरीचं लग्न लागतं आणि आई आत तुळशीला हळद-कुंकू वाहत असते.

"सुमन, आपण हे कुणासाठी करतोय ठाऊक हाय का?" अण्णा एकदा म्हणाले. घरी ते कानडी बोलत, माझ्याशी मराठी. "नवरा-नवरीला काय, ते हजर होते. तुळशीपाशी बसलेल्या बाईसाठी करतोय आपण."

त्यानंतर मला कुणी पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

आता सॉफ्टवेअरचं. मला इंग्रजी वाचता येत नाही. कंप्युटर आला तेव्हा मी बटणं जागेवरून आणि आकारावरून शिकले. जे, के, एल ही तीन बटणं शेजारी शेजारी असतात. एकानं चित्र मागं जातं, एकानं थांबतं, एकानं पुढं. माझी तीन बोटं तिथं असतात. डाव्या हाताला कापायचं बटण. माऊस मी फार कमी धरते. विणणारी बाई सुयांकडे बघत नाही, तशी मी बटणांकडे बघत नाही, मी नवरीकडे बघते. हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. कुणीही इतकी वर्षं बसलं की त्याला येतं. पण बाजारातलं प्रत्येक नवं सॉफ्टवेअर हेच आधी मोडतं. कात्री होती तिथं कुठलं तरी रंगीत चक्र येतं, आवाजाची पट्टी खालून वर जाते, आणि वर म्हणायचं की आता सोपं झालं. कुणाला सोपं झालं? जो काल आला त्याला. मग जाहिरातीत 'अनुभवी व्यावसायिकांसाठी' असं कशाला लिहिता? अनुभव म्हणजे हाताला पडलेलं वळणच ना. तेच मोडायचं असेल तर नवशिक्यांसाठी म्हणा आणि मोकळे व्हा.

अण्णा थकले, घरी बसले. दुकान त्यांचा मुलगा विरेश बघू लागला. पोरगा वाईट नाही. मला मावशी म्हणतो, सणाला घरून पुरणाचे कडबू आणून देतो. पण त्याला सगळं लवकर हवं असतं. मागच्या हंगामाआधी तो मला म्हणाला, "मावशी, हॉटेलात डेमो हाय नव्या सॉफ्टवेअरचा. पुण्याहून माणूस येणार. तुम्ही पण चला, अनुभवी लोकांनाच बोलवलंय."

मी गेले. हॉलमध्ये सोलापुरातले स्टुडिओवाले होते, अक्कलकोट, बार्शीकडचेही दोघे-चौघे होते. सगळे मालक. त्यातल्या बहुतेकांनी बरीच वर्षं स्वतः एक लग्न कापलेलं नाही. कापणारी माणसं त्या दिवशी आपापल्या दुकानात खाली मान घालून कापत होती. कापणारी तिथं मी एकटीच, आणि मला पाहून दारातल्या मुलीनं विचारलं, "मावशी, चहा तुम्ही आणणार आहात का?" मी नाही म्हटलं आणि शेवटच्या खुर्चीवर बसले.

पुण्याच्या माणसानं एक अख्खं लग्न त्यात टाकलं. एक बटण दाबलं. "आता आपण चहा घेऊ," म्हणाला. चहा होईतो सिनेमा तयार. मशीन स्वतः चेहरे ओळखतं, नवरा-नवरी कोण ते हुडकतं, हललेलं, अंधारलेलं, डोळे मिटलेलं बाजूला टाकतं आणि गाण्याच्या ठेक्यावर तुकडे लावतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा दिसायला छानच होता. कुणाच्या लग्नाचा होता हे मात्र कळत नव्हतं. नवरी हसते, केस उडतात, नवरा गॉगल लावतो, फटाके. मामा नाही, आत्या नाही, जेवण वाढणारा नाही.

"काही शंका?" त्यानं विचारलं.

मला असल्या ठिकाणी घाम फुटतो. तरी मी उठले. म्हटलं, "आमची बटणं आहे तिथंच राहतील का? मागं, थांब, पुढं?"

"मॅडम, आता बटणं लागणारच नाहीत," तो हसत म्हणाला. "हे तुमच्यापेक्षा लवकर शिकतं."

हॉल हसला. विरेशही हसला, मग माझ्याकडे बघून गप्प झाला. परत येताना स्कूटरवर म्हणाला, "मावशी, राग नका मानू. आपण मागं राहायचं का? समोरच्या स्टुडिओनं घेतलंच."

समोरच्यानं घेतलं म्हणून आपण घ्यायचं. आमच्या धंद्यात निवड अशी होते. चप्पल घालणाऱ्याचा पाय कुणी बघत नाही, शेजाऱ्यानं कुठली घेतली ते बघतात. निदान एवढं तरी विचारायचं होतं की आपल्याकडे पडलेली जुनी लग्नं यात उघडतात का. उघडत नव्हती. पाच मिनिटांच्या सिनेमापेक्षा सांगोल्याकडच्या माणसाला अख्ख्या लग्नाची मोठी सीडी लागते की नाही. लागते. मशीन काय टाकून देतं ते माणसाला बघता येतं का. येत होतं, पण तीन-चार ठिकाणी जाऊन, आणि ते पुण्याच्या माणसानं दाखवलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ज्याला सांगितलं तेवढंच करतं ते सॉफ्टवेअर घ्या. हुशार नको. हुशार माणसं दुकानात आधीच आहेत.

नवं सॉफ्टवेअर विरेशच्या मशीनवर बसलं. माझं जुनं मशीन त्यानं काढलं नाही, तेवढा माझा मान ठेवला. पण म्हणाला, हळूहळू सगळं इकडं आणू.

पहिल्याच आठवड्यात आमच्या वस्तीतल्या एका मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यातून तयार झाला. मी सहज मान वळवून बघितलं आणि उठून उभी राहिले. पांढऱ्या साडीतली नवरी, समोर मेणबत्त्या, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, भन्ते त्रिशरण म्हणताहेत, आणि त्यावर मशीननं सनई लावली होती. सुरुवातीला फुलांच्या हारातला गणपती. लग्न म्हटलं की गणपती आणि सनई, असं त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं.

"एक टेम्प्लेट बदलायचं राहिलं, मावशी. एवढं काय," विरेश म्हणाला. साच्याला ते टेम्प्लेट म्हणतात.

"तुझ्या बहिणीच्या लग्नाला आमची वंदना लावली असती तर?"

त्यानं साचा काढला. व्हिडिओ बाहेर जायच्या आधी सापडला म्हणून निभावलं. सापडला कारण मी शेजारी बसले होते. पण सांगोल्याकडचं एक लग्न विरेशनं त्याच सॉफ्टवेअरवर केलं तेव्हा मी आजारी भावाकडे गेले होते, आणि ते लग्न माझ्या नजरेखालून गेलं नाही.

मंदाबाई दुकानात आल्या तेव्हा दुपारची वेळ होती. सांगोल्याच्या पलीकडच्या गावच्या, मेंढरं आणि थोडं डाळिंब असलेलं घर. मुलीचं, अश्विनीचं, लग्न होऊन महिना झाला असेल. एसटीनं आल्या होत्या. बरोबर धाकटी जाऊ, सिंधू. मंदाबाई बोलक्या, सिंधू गप्प. पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढून त्यांनी विरेशपुढं ठेवला.

"बाबा, ह्यात अक्षता न्हाईत," मंदाबाई म्हणाल्या.

"असतील की. पूर्ण बघितला का?"

"दोनदा बघितला. पोरगी गाडीतनं उतारती, पोरगी आरशात बघती, पोरगी हासती, आन एकदम गळ्यात हार. मधलं कुटं गेलं?"

विरेशनं व्हिडिओ लावला. खरंच, मंगलाष्टकं नव्हती. मग शेवटच्या 'सावधान'चा एक लहानसा तुकडा आला. मांडवभर माणसांनी हात वर उडवले. पण हवेत काहीच नव्हतं. नुसते रिकामे हात वर गेले आणि खाली आले.

"ही मानसं काय करत्यात?" मंदाबाईंनी विचारलं. "माश्या हाकलत्यात व्हय?"

सिंधू पदराआड हसली. मला हसू आलं नाही. काय झालं ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. आमच्या भागात अक्षता पुष्कळदा तांदळाच्या नसतात, रंगवलेल्या ज्वारीच्या असतात. हवेत उडालेले ते बारीक दाणे मशीनला चित्रावरचे डाग वाटले, आणि त्यानं चित्र स्वच्छ करताना सगळे पुसून टाकले. आणि मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट असतो. कॅमेऱ्याला कापड दिसतं आणि माणसांच्या पाठी. मशीन चेहरे शोधतं. चेहरा नाही, म्हणजे इथं काही घडत नाही, असं समजून त्यानं तो सगळा भाग बाजूला टाकला. ज्या घटकेसाठी शेकडो माणसं उन्हातून आली, त्या घटकेला काही घडत नाही म्हणे.

"थांबा, मूळ शूटिंग असतं आपल्याकडं," विरेश म्हणाला आणि शोधायला लागला. त्याची मान हळूहळू स्क्रीनच्या जवळ जात गेली. हंगामात जागा कमी पडली तेव्हा सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, न वापरलेलं काढू का. त्यानं हो म्हटलं होतं. त्या लग्नाचं जे वापरलं तेवढंच, तेही मशीननं स्वच्छ केलेलं, उरलं होतं. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नाला पुसून गेली होती. दुसरा कॅमेरावाला तर मंगलाष्टकांच्या वेळी मोबाईलवर टाकायला नवरदेवाच्या बुटांचे उभे व्हिडिओ घेत होता.

"नाही," विरेश म्हणाला. एवढाच शब्द.

मंदाबाई खुर्चीवर बसल्या. "मी तुळशीम्होरं हुते," त्या म्हणाल्या. "भाईरनं भटजीचा आवाज येत हुता, पर तोंड फिरवलं न्हाय. मला सगळी म्हनली, आसूं दे की मंदे, व्हिडिओत बघशील. म्हनून मी हालले न्हाय."

विरेशला काय सुचावं? त्यानं घाईनं दुसरी खिडकी उघडली. "ताई, अक्षतांचा इफेक्ट असतोय ह्यात. टाकून देतो, बघा." त्या रिकाम्या हातांवर वरून लाल-पिवळे दाणे पडायला लागले. अगदी खऱ्यासारखे.

मंदाबाईंनी शेवटपर्यंत बघितलं. मग विचारलं, "ह्या कुनी टाकल्या?"

"कुणी नाही. कंप्युटरनं."

"मग आशीर्वाद कुनाचा धरायचा पोरीनं? ह्येचा?" त्यांनी बोटानं मशीन दाखवलं.

"नाहीतर पोरीला, जावयाला बोलवून घ्या. आम्ही आमच्या खर्चानं मांडव घालतो, परत शूटिंग करू," विरेश म्हणाला.

"लगीन दुसऱ्यांदा लावतोस व्हय रं? भटजीला काय सांगू, मशीनीला दिसलं न्हाय म्हनून?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर विरेशला सोपं गेलं असतं. मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते, पण आता माझ्याच्यानं राहवेना. पुण्याच्या माणसाचा राग, हॉलमधल्या हसण्याचा राग, समोरच्या स्टुडिओचा राग, सगळा एका जागी आला. म्हटलं, "ताई, पाव्हण्यांनी मोबाईलवर घेतलं असेल ना. सगळ्यांकडून मागवा. कसंही असू दे, हललेलं असू दे. मी जोडून देते."

"तुमी कोन?"

"मी इथं कापायचं काम करते."

"मग हे कुनी कापलं?"

मी विरेशकडे बघितलं नाही. "मशीननं," म्हटलं.

पुढच्या तीन-चार दिवसांत दुकानाच्या फोनवर व्हिडिओ येत राहिले. मामाचा, चुलत्याचा, नवरदेवाच्या मित्रांचे. मी एकेक बघत गेले. मंगलाष्टकं सगळ्यांकडे होती. पण प्रत्येकाचं गाडं एकाच जागी अडत होतं. शेवटचं 'सावधान' आलं की मोबाईल आभाळाला जायचा, नाहीतर कुणाच्या तरी मानेला, नाहीतर चपलांना. कारण तेव्हा प्रत्येकानं मुठीतल्या अक्षता टाकल्या होत्या. अक्षता पडताना मोबाईल स्थिर धरून उभा राहील असा पाव्हणा आमच्या भागात नसतो. पाव्हणा कशाला आलेला असतो? अक्षता टाकायलाच. त्यांच्यावर मला रागावता येईना. ती माणसं आपलं काम करत होती.

मंदाबाई ठरल्या दिवशी आल्या, सिंधूला घेऊन. मी त्यांना जुन्या मशीनसमोर बसवलं आणि जोडलेलं दाखवलं. अंतरपाट, भटजी, मामा मागं उभे, सगळं होतं. मग 'सावधान', मग मांडवाचं छत, मग चपला, आणि एकदम हार.

"येवढंच?" मंदाबाई म्हणाल्या.

"तेवढ्या घटकेचं कुणाकडेच नाही, ताई."

त्यांनी मान हलवली. माझी समजूत घालावी तशा म्हणाल्या, "जाऊ द्या. नशिबात नव्हतं." हे शब्द मला सहन झाले नाहीत. नशिबाचा यात काय संबंध? चार जणांनी एका हॉलमध्ये बसून चहा पिता पिता एक वस्तू निवडली, त्याला नशीब म्हणायचं?

तेव्हा सिंधू बोलली. दोन्ही वेळा मिळून तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "माज्याकडं हाय," ती म्हणाली.

मंदाबाई वळल्या. "काय हाय?"

"अक्षता. समदं हाय. मागनं घेतलंय, लांबनं."

"मग इतके दिस तोंडात काय हुतं तुज्या?"

"माजं कुनी मागितलं न्हाय, आक्का. आन मला वाटलं, चांगलं कुनाचं तरी आसंलच की."

तिनं फोन काढला. काचेला तडा गेलेला. विरेशनं पुढं होऊन तो घेतला आणि सवयीनं आपल्या मशीनला लावला. नव्या सॉफ्टवेअरनं तो व्हिडिओ आत घेतला आणि लगेच करडा करून खाली ढकलला. अंधुक, चेहरे नाहीत, वापरू नये. मी वायर काढून माझ्या मशीनला लावली. विरेश बाजूला झाला.

मांडवाच्या शेवटच्या खांबापासून घेतलेलं होतं. पुढं सगळे फेटे आणि डोक्यावरचे पदर. त्यांच्यापलीकडे, नखाएवढी, अश्विनी. पण फोन हलत नव्हता. मंगलाष्टकांच्या पहिल्या ओळीपासून तो खिळल्यासारखा उभा होता. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, आणि मांडवभर ज्वारी उडाली. इतकी की पोरगी घटकाभर दिसेनाशी झाली. मग दाणे खाली बसले आणि ती दिसली, डोळे मिटून, खांद्यावर, केसांत ज्वारी.

मंदाबाई पुढं वाकल्या होत्या. "त्यो बघ दादा. दोन मुठी टाकल्यान. त्यी वन्सं. म्हातारीनं बी टाकल्या, बसल्या बसल्या." पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, "सिंधे, ह्येच्यात तू हाललीस न्हाय जरा बी. टाकल्या कवा तू?"

सिंधूनं फोनची वायर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

तिचा नवरा दोन पावसाळ्यांमागं वारला होता, हे मला पुढं कळलं. मंदाबाईंना मात्र तेवढ्यात कळायचं ते कळलं. "तुला दिल्या न्हाईत कुनी?"

"पोरी वाटत आल्या हुत्या. माज्याम्होरनं गेल्या. मी बी हात म्होरं केला न्हाय. हात मोकळंच हुतं, म्हनून म्हनलं, आक्कासाठी फोन तरी धरावा."

  मला पोरींचा राग आला, मांडवातल्या मोठ्यांचा आला. मशीनला चेहरा दिसला नाही म्हणून त्यानं मंगलाष्टकं टाकली. या बाईचा चेहरा तर सगळ्यांना दिसत होता. मशीनला हे शिकवायला पुण्याचा माणूस लागला. आपल्याला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

विरेशनं ते सॉफ्टवेअर अजून काढलेलं नाही. हंगाम त्याच्यावरच चालू आहे. न वापरलेलं पुसायचं नाही, एवढं त्यानं मान्य केलं. मंगलाष्टकं माझ्याकडे पाठवतो. माफी मागितली नाही, आणि मला ती नकोही होती. त्या दिवशी मात्र त्याला मनापासून मदत करायची होती हे मी सांगायलाच हवं. मी सिंधूचा व्हिडिओ जोडत असताना तो कानाला हेडफोन लावून उभा होता. म्हणाला, "मावशी, ह्यात जवळून बाईचा आवाज येतोय. भटजीच्या वर येतोय. पुटपुटतंय कुणीतरी."

मी आवाज मोठा केला. फोन धरणाऱ्याचा आवाज फोनला सगळ्यात जवळ असतो. भटजींचं प्रत्येक कडवं संपलं, मांडवानं 'सावधान' म्हटलं, की मागून एक बारीक आवाज यायचा, "सुखात ऱ्हा बाई." प्रत्येक कडव्याला. शेवटी ज्वारी उडाली तेव्हा तो आवाज दाटला होता, तरी शब्द कळत होते. "सुखात ऱ्हा माजे बाई."

सिंधूनं मान खाली घातली. "मला ठावं नव्हतं त्ये बी येतंय म्हनून. काढा त्ये."

"निघतंय की," विरेश म्हणाला. "एका क्लिकमध्ये साफ. नुसता भटजींचा ठेवतो."

"हात लावू नगंस," मंदाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमच्या ह्येच्यात आवाज वाढवता येतोय का?"

"येतो."

"मग भटजीचा जरा कमी करा. हिचा वाढवा."

माझी बोटं बटणांवरच होती. मी वाढवला.